राखीव जागा आणि संशयाची नजर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या इस्पितळाच्या किंवा मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर प्रवेशद्वाराला लागून एक रुंद जागा आखलेली असते. जमिनीवर चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवलेले असते. त्या एवढ्याशा जागेवर दोन प्रकारचे अन्याय घडतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. धडधाकट माणूस गाडी घेऊन येतो, ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’ असे म्हणून ती त्या चित्रावर उभी करतो आणि निघून जातो. दुसरा अन्याय सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रीतसर परवाना असलेला माणूस तेथे गाडी लावतो, आपल्या पायांनी खाली उतरतो, आणि चार पावले टाकतो न टाकतो तोच कोणी तरी त्याला हटकतो, “अहो, तुम्हाला काय झाले आहे? चांगले चालता की!” ज्याला हटकले त्याची फुप्फुसे निकामी होत आलेली असतील, विजारीच्या आत कृत्रिम पाय असेल, किंवा आज चालणारे पाय उद्या सकाळी उचलतीलच याची शाश्वती नसलेला मज्जासंस्थेचा विकार त्याला असेल. हटकणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही.

पहिल्या प्रसंगातला माणूस आपण चुकतो आहोत हे मनातून जाणून असतो. दुसऱ्या प्रसंगातला माणूस मात्र आपण न्यायाची बाजू घेतो आहोत अशा समजुतीने बोलतो. चांगल्या हेतूने केलेला अन्याय दुरुस्त करणे नेहमीच अधिक कठीण असते, म्हणून या दोहोंचा विचार एकत्र करावयास हवा.

ती जागा रुंद का असते हे आधी समजून घेतले पाहिजे. साध्या गाडीला सुमारे अडीच मीटर रुंदी पुरते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत अपंगांच्या गाडीसाठी ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे. दार पूर्ण उघडून चाकाची खुर्ची त्याच्या शेजारी आणावयाची आणि माणसाने आसनावरून तिच्यावर सरकावयाचे, यासाठी तो अधिकचा एक मीटर लागतो. तो मीटर गेला की माणूस गाडीत अडकून पडतो, किंवा आल्या पावली परत जातो. धडधाकट माणसाची ‘पाच मिनिटे’ ही दुसऱ्या कोणाची तरी चुकलेली तपासणी असते. प्रवेशद्वाराजवळ असण्याचे कारण मात्र वेगळे आहे. ज्याला पन्नास पावले चालता येतात पण दोनशे येत नाहीत, त्याच्यासाठी ते अंतर कमी केलेले असते. म्हणजे जो थोडे चालू शकतो त्याचाही विचार त्या आखणीतच केलेला आहे. ‘चालतो, म्हणजे लबाड आहे’ हा निष्कर्ष मूळ योजनेलाच धरून नाही.

या योजनेचा इतिहास समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांना माहीत असावा असा आहे. आल्फ मॉरिस हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे मँचेस्टरकडील खासदार. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतले होते, आणि मॉरिस लहान असतानाच वारले. युद्धात शरीर गमावलेल्या माणसाच्या घराची काय दशा होते, हे मॉरिस यांनी घरातच पाहिले होते. १९६९ साली खासगी विधेयक मांडण्याची संधी मिळताच त्यांनी दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींसंबंधीचे विधेयक हाती घेतले, आणि १९७० च्या मे महिन्यात, पार्लमेंट विसर्जित होण्याच्या अगदी तोंडावर, त्याचा कायदा झाला. वाहनावर लावावयाच्या परवान्याची तरतूद याच कायद्यात होती. १९७१ पासून तो नारिंगी परवाना मिळू लागला; २००० साली त्याचा रंग निळा झाला. १९७४ मध्ये मॉरिस अपंगांसाठीचे मंत्री झाले. असे स्वतंत्र मंत्रिपद जगात त्यापूर्वी कोठेही नव्हते.

या कायद्याच्या नावात ‘अपंग’ या शब्दाच्या आधी ‘दीर्घ आजारी’ हे शब्द होते. न दिसणारे दुखणे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. तरीही परवान्याचा व्यवहार प्रामुख्याने चालण्याच्या अडचणीभोवतीच फिरत राहिला. स्वमग्नता, स्मृतिभ्रंश यांसारख्या न दिसणाऱ्या स्थितींसाठी नियम स्पष्टपणे रुंदावले गेले ते इंग्लंडमध्ये २०१९ च्या ऑगस्टअखेर. पहिल्या परवान्यापासून तेथवर येण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

या विलंबात त्या चित्राचाही वाटा आहे. चाकाच्या खुर्चीचे ते जगन्मान्य चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले. दुरून ओळखता यावे, भाषा न येणाऱ्यालाही कळावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो उत्तम रीतीने साधला. परंतु चिन्ह जितके यशस्वी तितकी त्याने घडवलेली समजूत घट्ट. अपंग म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस, असे समीकरण मनात ठसले. जो त्या चित्रासारखा दिसत नाही, तो खोटा ठरू लागला.

हे केवळ मोटारवाल्यांचे आणि दूरदेशीचे दुखणे आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने मुंबईच्या लोकलमधील राखीव डब्याकडे पाहावे. मुंबईत तोच प्रश्न मोटारीतून उतरून गर्दीत येतो. या डब्यातून अपंगांना, कर्करोगाच्या रुग्णांना आणि गर्भवती स्त्रियांना प्रवास करता येतो. सकाळी दादरकडे जाणाऱ्या गाडीत त्या डब्याची स्थिती काय असते, हे उपनगरातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ज्यांचा त्या डब्याशी काही संबंध नाही अशी माणसे दार अडवून उभी असतात, आणि कुबड्या घेतलेला प्रवासी फलाटावर राहतो. डब्यावर चित्र चाकाच्या खुर्चीचे आहे. पण अनेक स्थानकांवर फलाट आणि डबा यांच्या उंचीत एवढा फरक आहे की, कोणी उचलून घेतल्यावाचून ती खुर्ची त्या डब्यात चढू शकत नाही. ज्याचे चित्र काढले त्याचाच प्रवेश अवघड, असा हा प्रकार आहे.

आता त्याच डब्यातील दुसरे दृश्य. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन परतणारा पंचविशीचा तरुण कल्पनेत आणावा. केस पुन्हा उगवले आहेत, अंगावर नीटनेटका सदरा आहे. औषधांमुळे पोटात ढवळते आहे, गर्दीतला साधा संसर्गही त्याला महाग पडू शकतो. तो कोपऱ्यात बसतो आणि समोरचा म्हणतो, “ऊठ, लाज नाही वाटत?” मग त्याने पिशवीतून कागद काढावा, अनोळखी पंधरा माणसांसमोर आपल्या रोगाचे नाव उच्चारावे, आणि तेव्हा कोठे त्याला बसू द्यावे! ही चौकशी त्याच दिवशी परतीच्या वाटेवर पुन्हा होऊ शकते. हटकणारा पुष्कळदा स्वतः अपंग असतो, आणि त्याचा संतापही अकारण नसतो. घुसखोरांनी त्याची जागा वर्षानुवर्षे बळकावलेली असते. ज्या यंत्रणेने घुसखोराला रोखावयाचे ती जागेवर नसते, म्हणून दोन हक्कदार एकमेकांवर संशय घेत बसतात. घुसखोराने केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. एक आसन तर तो हिरावून घेतोच, शिवाय खऱ्या हक्कदाराच्या शब्दावरचा विश्वासही नष्ट करतो.

आपल्याकडील कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे विकार आले. स्वमग्नता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आले. यांतील कितीतरी स्थिती रस्त्यावरच्या माणसाला पाहून ओळखता येत नाहीत. थॅलेसेमियाच्या रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्याआधीच्या दिवसांत जिना चढतानाही त्याला धाप लागते. सिकलसेल हा तर महाराष्ट्राच्या अगदी घरचा प्रश्न. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात, दलित-आदिवासी कुटुंबांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. वेदनेचा झटका येतो तेव्हा तरुण मजूर अंथरुणाला खिळतो, आणि झटका ओसरल्यावर तोच बांधावर उभा दिसतो. गाव त्याला कामचुकार म्हणते. वाहनतळावर जो प्रश्न जागेचा असतो, तो येथे रोजगाराचा आणि अब्रूचा होतो.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील. त्या मोजणीत रक्ताच्या या विकारांसाठी स्वतंत्र रकाना नव्हता. जे मोजले जात नाही ते लोकांच्या कल्पनेतही येत नाही. अलीकडे सरकारी भाषेत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्दाविषयी मतभेद असू शकतील; पण नाव गौरवाचे झाले म्हणून फलाटाची उंची बदलत नाही, आणि समोरच्याची नजरही बदलत नाही.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. कोणी कोणाला विचारावयाचेच नाही असे ठरले, तर लबाडांचे फावेल. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाव्यावरून देशभर वादळ उठले, तेव्हा हाच मुद्दा पुढे आला. तपासणी झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. २०१६ च्या कायद्याचे ९१ वे कलम लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी ठेवलेल्या सवलती फसवून लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगते. त्याच कायद्याचे ९२ वे कलम अपंग व्यक्तीला चारचौघांत हेतुतः अपमानित करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. ही दोन कलमे एकापाठोपाठ एक आली आहेत आणि ती एकत्रच वाचली पाहिजेत. फसवणूक हा गुन्हा आहे, आणि फसवणूक शोधण्याच्या नावाखाली माणसाची विटंबना करणे हाही गुन्हाच. २०२४ च्या त्या वादळानंतर काय झाले ते आठवावे. ज्यांचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता अशा अपंग अधिकाऱ्यांच्या चालण्याच्या, व्यायामाच्या चित्रफिती लोकांनी शोधून काढल्या आणि त्यांवरून निवाडे दिले. एका व्यक्तीवरील आरोपाची किंमत इतरांच्या प्रतिष्ठेतून वसूल झाली.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, तपासावयाचे कोणी आणि काय? याचे उत्तर सरळ आहे. वैद्यकीय तपासणी एकदा, मंडळाने, बंद खोलीत करावी. प्रत्यक्ष जागेवर नेमलेल्या अधिकाऱ्याने फक्त कार्ड पाहावे. शरीराची तपासणी रस्त्यावर कोणीही करू नये. वाहनतळावर ज्या गाडीत परवाना दिसत नाही, तिच्याविषयी तेथील कर्मचाऱ्याकडे तक्रार करावी. ब्रिटनमध्ये परवाना गाडीचा नसून व्यक्तीचा असतो. आत्याच्या नावचा परवाना लावून भाच्याने आपली खरेदी उरकणे हा तेथे दंडनीय गुन्हा आहे, आणि तो पकडण्यासाठी कोणाच्या पायांकडे पाहावे लागत नाही. लोकलच्या डब्यात १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर कळवता येते, सुरक्षा दलाच्या जवानाला बोलावता येते. जवान येत नसेल, तर मागणी जवानाची करावी. कोपऱ्यातल्या दमलेल्या तरुणाकडून कैफियत मागू नये.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुनी सवय आहे. आपला समाज राखीव जागेकडे दान म्हणून पाहतो. दान देणारा याचकाला न्याहाळतो, तो पुरेसा दीन आहे की नाही याची खात्री करून घेतो. म्हणूनच अपंगाने अपंगासारखे ‘दिसावे’ ही अपेक्षा निर्माण होते; तो हसला, नीटनेटका राहिला, चार पावले चालला, की दात्याला फसवल्यासारखे वाटते. हक्काचे तसे नसते. मतदान केंद्रावर शेजारच्या रांगेतला माणूस कोणाच्या नागरिकत्वाची उलटतपासणी घेत नाही. यादी पाहणारा अधिकारी वेगळा असतो.

आणि डब्यात घुसणाऱ्या त्या धडधाकट माणसाचे काय? तोही पुष्कळदा चार गाड्या सोडून थकलेला नोकरदार असतो. सर्वसाधारण डब्यात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो शेजारच्या डब्यात शिरतो. हे त्याच्या वर्तनाचे कारण आहे, समर्थन नव्हे. गर्दीचा भार ज्याला मुळीच पेलवत नाही त्याच्याच खांद्यावर तो टाकला जातो. अधिक गाड्या, अधिक डबे यांची मागणी आणि राखीव डब्याचे रक्षण ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

कार्यकर्त्यांसाठी यातून कामे निघतात, आणि ती मोठी नाहीत. वस्तीत सिकलसेलचे, थॅलेसेमियाचे रुग्ण कोण आहेत याची माहिती घ्यावी. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि पुढे ओळखपत्र मिळेपर्यंत त्यांच्यासोबत जावे, कारण त्या खेपांतच मजुरी बुडते आणि माणूस नाद सोडतो. आपल्या भागातील स्थानक, तहसील कचेरी, दवाखाना येथे राखीव जागा आखली आहे का, आणि तेथे साहेबांची गाडी तर उभी नसते ना, हे पाहावे. आणि एखाद्या बैठकीत तरुण कार्यकर्ता सतरंज्या उचलायला पुढे आला नाही, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

न दिसणारे दुखणे ओळखण्याची विद्या कोणाजवळ नाही, आणि ती असण्याची आवश्यकताही नाही. आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच असे न मानणे, एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.