हलकी मिश्रधातू आणि अगंज पोलाद



दिल्लीची मेट्रो २००९ साली नोएडात पोहोचली. तिचे डबे अगंज पोलादाचे, म्हणजेच स्टेनलेस स्टीलचे आहेत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातू याहून कितीतरी हलक्या. मग डब्यांसाठी त्या का घेतल्या नाहीत, असे कोणी विचारील.

या मिश्रधातूंच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे १.८ ग्रॅम, तर पोलादाचे ७.९ ग्रॅम भरते. मात्र पोलादाचा ताठरपणाही चौपटीहून अधिक असतो. त्यामुळे नुसत्या ताणल्या जाणाऱ्या दांड्यात मॅग्नेशियमने वजन वाचत नाही. वाकणाऱ्या पत्र्याचे गणित निराळे आहे. जाडी दुप्पट केली की त्याचा ताठरपणा आठपट होतो. म्हणून मॅग्नेशियमचा थोडा जाड पत्रा तितकाच ताठर राहूनही वजनात निम्म्याहून कमी भरतो.

परंतु पोलादातील क्रोमियममुळे त्यावर ऑक्साइडचा अभेद्य थर जमतो आणि ओरखडा पडल्यास तो पुन्हा धरतो. मॅग्नेशियमवरील थर खारट ओलाव्यात टिकत नाही. शेजारी पोलादी बोल्ट असल्यास झीज अधिकच वेगाने होते. शिवाय या मिश्रधातू ६५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतात, तर पोलाद १,४०० अंशांच्या आसपास. आग लागलेल्या डब्यातील प्रवाशांच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे.

कॅमेऱ्याच्या सांगाड्याला मॅग्नेशियम उत्तम. अनेक दशके पाऊस आणि गर्दी सोसणाऱ्या डब्याला मात्र पोलादाचा भार वाहणेच हिताचे.