घरची वस्तू विकताना घ्यावयाची खबरदारी
(बाभुळगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून शिक्षण, लग्नातील खर्च, व्यसने अशा विषयांवर आम्ही आजवर चार शब्द बोलत आलो. यंदाचा विषय निराळा आहे. तो आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही, स्वतःच्या फजितीतून घेतला आहे.

आमच्या घरी एक शिलाईयंत्र होते. आमच्या दिवंगत पत्नीने त्याच यंत्रावर शिवण करून मुलांच्या शिक्षणास हातभार लावला. ती गेल्यावर ते धूळ खात पडले. एखाद्या होतकरू मुलीच्या उपयोगी पडावे, ह्या हेतूने नातवाने त्याचे छायाचित्र मोबाईलवरील जाहिरातीत घातले व किंमत ४,००० रुपये लिहिली. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा स्वतःस लष्करातील जवान म्हणवीत होता. भावात घासाघीस नाही, वस्तू पाहण्याचा आग्रह नाही. उलट ओळखपत्राचे छायाचित्र त्याने आपण होऊन पाठविले. गणवेशाविषयी आपणां सर्वांच्या मनात जो आदर वसतो, त्यानेच आमच्या शंकेचे तोंड बंद केले.

प्रथम त्याने २ रुपये पाठविले. ते जमा झाले. मग ठिपक्यांचे एक चौकोनी चित्र, ज्यास क्यू. आर. कोड म्हणतात, ते पाठवून तो म्हणाला, 'गुरुजी, हे स्कॅन करा आणि आपला पिन घाला, म्हणजे पैसे आपल्या खात्यात येतील.' आम्ही तसे केले आणि ४,००० रुपये गेले. 'चूक झाली, आता सगळी रक्कम एकदम परत करतो,' असे सांगून त्याने दुसरे चित्र पाठविले. आणखी ८,००० गेले. जन्मभर मुलांना जमा आणि नावे शिकविणारा मास्तर स्वतःच्या खात्यात जमेच्या जागी नावे मांडून बसला!

अशी फसगत केवळ खेड्यातील म्हाताऱ्यांचीच होते, असे कोणी समजू नये. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या कन्येने फेब्रुवारी २०२१ मध्ये एक जुना सोफा अशाच जाहिरातीद्वारे विकावयास काढला. तेथेही आधी थोडी रक्कम जमा झाली, मग तेच ठिपक्यांचे चित्र आले, आणि दोन वेळा मिळून ३४,००० रुपये गेले. सुशिक्षितपणा येथे कामास येत नाही. नियम ठाऊक असावा लागतो.

वास्तविक विकणाराच नागवला जावा, ही गोष्ट आपल्या वऱ्हाडास नवी नाही. शेल्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी पाहिली होती. दलाल आणि व्यापारी यांच्यात काय ठरले, हे कापूस आणणाऱ्यास कळतच नसे. वजनकाट्याची लबाडी वेगळीच. ह्यावर उपाय म्हणून १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्या सुधारणेचे सार एकच : सौदा उघड्यावर व्हावा. मोबाईलवरील अनोळखी गिऱ्हाईक पुन्हा तोच शेला आपल्या हातावर टाकते. आपण तो झुगारला पाहिजे.

तेव्हा नियम ऐकावेत. पहिला आणि मुख्य : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तो पैसे देण्यासाठी किंवा खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी लागतो. तद्वतच, समोरच्याने पाठविलेला क्यू. आर. कोड आपण स्कॅन केला, तर पैसे आपल्याकडून जातात, आपल्याकडे येत नाहीत. दोन व्यक्तींमधील पैसे मागण्याची यू. पी. आय. विनंती ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. परंतु ही दुसरी वाट उघडीच आहे.

दुसरा नियम : जो वस्तू न पाहता पूर्ण भाव देतो, तो वस्तूचा गिऱ्हाईक नव्हे. बैल घेणारा दात पाहिल्याशिवाय रुमाल सोडीत नाही. तिसरा : 'चुकून जास्त रक्कम आली, परत पाठवा' असे कोणी म्हटल्यास त्याचा संदेश प्रमाण मानू नये; स्वतःच्या खात्यातील जमा पाहावी. चौथा : ओटीपी सांगू नये आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाईलमध्ये कोणतेही ॲप घेऊ नये. पाचवा : देवघेव दिवसा, चारचौघांत, समोरासमोर करावी.

आता आमची दुसरी चूक सांगतो. ती पहिलीहून मोठी होती. लाजेपोटी आम्ही आठ दिवस कोणास अवाक्षर सांगितले नाही. १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविले असते, तर पैसा ज्या खात्यात गेला तेथेच तो अडविण्याचा प्रयत्न झाला असता. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात घटकाभरात फिरतो. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. आठ दिवसांनी तक्रार नोंदवून आमच्या हाती काही लागले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या स्मरणिकेत जाहिरात देणारा कोणाचा कोण, हे आपणांस ठाऊक असते. मोबाईलवर ती ओळख नसते. म्हणून तेथे ओळखीची जागा नियमाने भरून काढावी लागते. आणि एखाद्या घरी अशी फसगत झालीच, तर त्या माणसास हसू नये. आपल्या हसण्याच्या भयाने तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्यावर ठकाचे पोट चालते. आम्ही आज येथे उभे राहून सर्व सांगितले, ते एवढ्याचसाठी.

ते शिलाईयंत्र पुढे बाभुळगावातीलच एका मुलीने घरी येऊन पाहिले, चालवून पाहिले, आणि रोख पैसे मोजून नेले. त्याचा आवाज आता तिच्या घरून ऐकू येतो. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.