शाई धरणारें प्लास्टिक

पहांटे दारांत येऊन पडणारी दुधाची पिशवी ओली असते, गार असते, चार हातांतून फिरलेली असते. तरीही तिच्यावरील अक्षरें शाबूत असतात. ती ज्या पॉलिएथिलीनची केलेली असते त्याचा मूळ स्वभाव पाहतां हें नवलच म्हटलें पाहिजे. त्या द्रव्याला शाईचें वावडें असतें. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवावरील पाण्यासारखा अगदीं घरंगळत नसला, तरी पसरत नाहीं. अंग आखडून बसतो.

याचें कारण पृष्ठताण. द्रवाचे कण एकमेकांस ओढून धरतात. पाण्याची ही ओढ दर सेंटिमीटरला सुमारें ७२ डाइन असते. पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागाची ओढ त्याच मापानें अवघी ३१ च्या आसपास. ज्याची ओढ पृष्ठभागाहून अधिक, तो द्रव त्यावर पसरावयाचा नाहीं. थेंबाचा कोन आणि या ओढी यांचा संबंध टॉमस यंग यानें इंग्लंडांत १८०५ सालींच मांडला होता.

उपाय असा, कीं छपाईपूर्वीं फिल्म रुळावरून जात असतां तिच्यावर मोठ्या दाबाच्या विजेचा वर्षाव करतात. याला कोरोना-संस्कार म्हणतात. हवेंतील प्राणवायु पृष्ठभागाशीं जोडला जातो, आणि ओढ ३८ ते ४२ पर्यंत चढते. मात्र डोळ्यांना फरक कांहींच दिसत नाहीं! म्हणून परीक्षा हवी.

फॉर्मामाइड व एथिल सेलोसॉल्व्ह हे दोन द्रव निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून, थोडा रंग घालून, क्रमांकांच्या बाटल्या तयार करतात. नुसतें सेलोसॉल्व्ह ३० डाइनचें, नुसतें फॉर्मामाइड ५८ चें. बाकीचीं मिश्रणें मधलीं. कापसाच्या बोळ्यानें द्रवाचा पातळ थर फिल्मवर ओढावयाचा आणि पाहावयाचें. थर दोन सेकंदांच्या आंत फुटून थेंब झाले तर खालचा क्रमांक घ्यावा. अधिक काळ टिकला तर वरचा. जो जेमतेम दोन सेकंद टिकतो तो उत्तर. हा आंकडा खरें पाहतां द्रवाचा आहे, प्लास्टिकचा नव्हे. प्लास्टिक फक्त होय किंवा नाहीं म्हणतें.

प्रत्येक वेळीं बोळा नवा हवा. वापरलेला बोळा पुन्हां बाटलींत बुडविला कीं फिल्मवरील मळ आंत जातो आणि सबंध बाटली खोटें बोलूं लागते. तपासावयाच्या जागीं बोटही लागतां कामा नये. हे दोन्ही द्रव गर्भाला अपायकारक आहेत. हातमोजे व खेळती हवा यांवांचून हें काम कोणाच्या हातीं देणें हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

परीक्षा एकदां उतरली म्हणजे झालें, असेंही नाहीं. संस्कार दिवसांगणिक उतरत जातो. फिल्म निसरडी राहावी म्हणून घातलेलीं द्रव्यें हळूहळू वर येऊन त्यास झांकतात. गुदामांत महिनाभर पडलेली गुंडाळी पुन्हां तपासल्याविना छापली, तर शाई सुटते आणि खाद्याच्या पाकिटावरील मुदतीची तारीख ग्राहकाच्या अंगठ्यालाच लागून जाते. उलट, संस्कार अतोनात केला तर आंकडा उत्तम येतो, परंतु पृष्ठभागच दुबळा होऊन शाईसकट निघतो. आंकड्यावर फार विसंबणारे येथें फसतात.

पुष्कळशी फिल्म एकाच अंगास संस्कारित असते, आणि दोन्ही अंगें दिसावयास सारखीं. यंत्रावर गुंडाळी चढवितांना कोणतें अंग वर आलें, हें ओळखण्यासही तीच बाटली आणि तोच कापूस कामीं येतो.