दवाखान्यातला दुभाष्या

श्रीलंकेत १९८७च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचा दर्जा मिळाला. तरी नुवारा एलियाच्या चहामळ्यातली तमिळ मजूर बाई दवाखान्यात गेली आणि डॉक्टर फक्त सिंहली बोलणारे निघाले, तर मध्ये उभा राहतो एखादा वॉर्डबॉय, नाहीतर तिचा शाळकरी मुलगा. अंगावरून जातंय, हे आई मुलासमोर कसं सांगणार? ती ‘पोट दुखतं’ म्हणते आणि औषधही पोटदुखीचंच मिळतं. दुभाष्या ऐकलेलं बाहेर न बोलणारा हवा. गोळी जेवणाआधी की नंतर, हे चोख सांगणारा हवा. बायकांच्या तपासणीला शक्यतो बाईच असावी. श्रीलंकेतल्या मुस्लिम समाजात दोन्ही भाषा सहज बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना प्रशिक्षण द्यावं, आणि रीतसर पगारही.