न बोलावलेला मदतनीस
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय वरकरणी लहान आहे. आपल्या मोबाईलवर ज्या सेवा आपण नित्य वापरतो, त्यांत गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आपण न मागता येऊन बसली आहेत. त्यांपैकी नको असतील ती बंद कशी करावीत, कोणती बंद होत नाहीत, आणि हा खटाटोप शिक्षकाने मुळात का करावा, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभीच एक मर्यादा सांगतो. हजेरी, यू-डायस, पोषण आहार, दीक्षा ही शासनाने नेमून दिलेली कामाची साधने होत. ती परिपत्रकानुसार चालावयाची; त्यांविषयी हे विवेचन नाही. खाजगी कंपन्यांच्या ज्या सेवा आपण आपल्या सोयीसाठी वापरतो, त्यांपुरतेच मी बोलणार आहे.

घडले ते असे. जून २०२४ मध्ये मेटा कंपनीने आपला ‘मेटा एआय’ हा सहाय्यक भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम यांत आणला, आणि व्हॉट्सॲपच्या पडद्यावर ते रंगीत वर्तुळ दिसू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या शोधात, संकेतस्थळांच्या यादीच्या वर, यंत्राने तयार केलेला सारांश भारतात दिसू लागला. जीमेल आलेल्या पत्राचे सार सांगू लागले व उत्तरही सुचवू लागले. अनेक फोनांत बाजूची कळ दाबून धरताच गुगलचा ‘जेमिनी’ पुढे येतो. यांतील एकासाठीही आपण अर्ज केला नव्हता. ही साधने चालू स्थितीतच आपल्या हाती येतात आणि बंद करण्याची कळ मात्र तीन-चार दालने ओलांडल्यावर सापडते. जे जसे मिळाले ते बहुसंख्य माणसे तसेच राहू देतात, हे कंपन्यांना पुरते ठाऊक आहे.

ही तक्रार केवळ आपल्या खेड्यांतील नाही. व्हॉट्सॲपमध्ये वापरणाऱ्याने न मागता हा सहाय्यक बसविला, म्हणून इटलीच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२५ मध्ये मेटाविरुद्ध चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले. वर्ड, एक्सेल यांच्या वर्गणीत ‘कोपायलट’ घालून दर वाढविला आणि कोपायलटविना जुन्या दराची योजनाही उपलब्ध आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना नीट सांगितले नाही, असा त्या आयोगाचा आरोप होता.

आता आपला त्याच्याशी संबंध काय? तीन कारणे सांगतो.

पहिले कारण, आपल्याकडे असलेली मुलांची माहिती. जनरल रजिस्टर आपण कपाटात, कुलपात ठेवतो. परंतु त्यातीलच मजकूर, म्हणजे आधार क्रमांक, जात, शिष्यवृत्तीसाठी बँकेचे खाते, दिव्यांग मुलांची यादी, हंगामी वसतिगृहातील मुलांच्या पालकांचा ठावठिकाणा, हे सारे आज फोनवरून इकडून तिकडे जाते. एखादी यादी नीट लावून द्यावी म्हणून ती सहाय्यकापुढे ठेवली, की ती आपल्या कपाटातून बाहेर पडली असे समजावे. मेटाने तर आपल्या सहाय्यकाशी झालेल्या संवादाचा उपयोग जाहिराती निवडण्यासाठी करण्याचे धोरण डिसेंबर २०२५ पासून अमलात आणले आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरण्यास आपल्या कर्मचाऱ्यांना मनाई केली, ती शासकीय माहितीच्या गोपनीयतेसाठीच. ते परिपत्रक आपणांस उद्देशून नसले, तरी त्यामागील कारण आपल्या शाळेलाही लागू पडते.

दुसरे कारण, मजकुराची अचूकता. समजा, एका पत्रात ‘अमुक विद्यार्थी वगळून’ असे तीन शब्द आहेत. पत्र दोन पानांचे असून यंत्राने त्याचे चार ओळींत सार केले, आणि ते तीन शब्द गळाले. शिक्षकाने सार वाचून माहिती पाठविली, तर तालुक्याला जाणारे सबंध विवरणपत्र चुकेल, आणि स्पष्टीकरण शिक्षकाला द्यावे लागेल. यंत्राला कोणी नोटीस काढीत नाही. सबब शासकीय पत्र मुळातूनच वाचावे.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. पाथर्डी तालुक्यातील एका शाळाभेटीत चौथीच्या दोन वह्या पाहावयास मिळाल्या. निबंधाचा विषय होता ‘माझे गाव’. पहिल्या वहीतील गाव हिरवेगार होते, तेथे नदी खळखळ वाहत होती आणि सारे लोक आनंदाने नांदत होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तो निबंध आईच्या फोनवरील त्या वर्तुळाला विचारून उतरविलेला होता. दुसऱ्या वहीत एका मुलीने लिहिले होते, की दिवाळी झाली की आमच्या गल्लीत म्हातारी माणसे राहतात, बाकीचे ऊस तोडायला जातात, आणि शेजारच्या घराचे कुलूप पाडव्यापर्यंत निघत नाही. त्यात पाच चुका होत्या. त्या पाच चुका शिक्षकाला सुधारता येतील. पहिल्या निबंधात शिक्षकाने सुधारावे असे काहीच नव्हते, कारण त्यात ते मूल कोठेच नव्हते.

बोलीचेही असेच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणे जपल्याबद्दल. डोंगरपट्ट्यातील मुलाच्या तोंडचा शब्दही गावठी बियाण्यासारखाच असतो. मूल तो शब्द फोनवर लिहू जाते आणि यंत्र त्याच्या जागी छापील शब्द बसविते. मुलाला वाटते, आपलेच चुकले. प्रमाणभाषा त्याला अवश्य शिकवावी, पण ती शिक्षकाने, त्याचा शब्द आधी ऐकून घेऊन शिकवावी.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कळांची नावे व जागा फोनागणिक आणि काळागणिक थोड्या बदलतात, म्हणून पाठांतर न करता रीत ध्यानात घ्यावी. प्रत्येक सेवेत ‘सेटिंग्ज’ नावाचे दालन असते. शोध तेथूनच सुरू करावा.

व्हॉट्सॲपमधून मेटा एआय समूळ काढून टाकण्याची कळ नाही, हे प्रथम स्वीकारावे. त्याच्याशी झालेले संभाषण मात्र पुसून टाकता येते, आणि त्याला काही न विचारण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे आहेच. केंद्राच्या किंवा पालकांच्या गटासाठी एप्रिल २०२५ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ नावाची सोय व्हॉट्सॲपने जाहीर केली. गट उघडून वरच्या नावावर बोट ठेवावे, खाली ही ओळ दिसेल, ती चालू करावी. तिच्यामुळे गटातील संभाषण बाहेर उतरवून नेता येत नाही, छायाचित्रे आपोआप इतरांच्या फोनांत साठत नाहीत, आणि गटात मेटा एआयला हाक मारता येत नाही. पडद्याचे छायाचित्र कोणी काढले, तर ते मात्र या सोयीने थांबत नाही.

येथेच एक गैरसमज दूर करतो. ही कळ चालू न केल्यास यंत्र तुमचे सर्व गट वाचते, असा संदेश २०२५ साली पुष्कळ फिरला. तो खरा नाही. व्हॉट्सॲपवरील खाजगी संदेश पाठविणारा व घेणारा यांखेरीज इतरांना वाचता येऊ नयेत अशा कुलपात असतात. सहाय्यकाकडे जाते ते आपण त्याला लिहिलेले किंवा गटात त्याला हाक मारून त्याच्यापुढे ठेवलेले. भीतीपोटी कळ दाबण्यापेक्षा ती काय करते हे समजून दाबावी.

जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यातील तीन रेघा, त्यानंतर सेटिंग्ज, त्यानंतर आपले खाते, आणि त्यात ‘स्मार्ट फीचर्स’ असा क्रम आहे. तेथील खूण काढली की सार सांगणे व उत्तर सुचविणे थांबते. जवळच ‘वर्कस्पेस’च्या नावाने तशीच दुसरी ओळ असते, तीही पाहावी. याची किंमत अशी, की जाहिरातींची पत्रे आपोआप निराळी काढण्यासारख्या काही जुन्या सोयीही त्याबरोबर जातात. दोन्ही बाजू पाहून ज्याने त्याने ठरवावे.

गुगलच्या शोधातील सारांश बंद करण्याची कायमची कळ नाही. तथापि शोधाच्या निकालांवर ‘वेब’ नावाचा पर्याय असतो. क्वचित तो ‘मोअर’खाली दडलेला असतो. त्यावर बोट ठेवल्यास केवळ संकेतस्थळांची यादी उरते. मुलांसमोर माहिती शोधताना हाच पर्याय घ्यावा, म्हणजे ती कोणी सांगितली हे मुलांना दिसते.

जेमिनी नको असल्यास फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘डीफॉल्ट ॲप्स’, त्यात ‘डिजिटल असिस्टंट’ येथे ‘नन’ निवडावे. जे तो वापरतात त्यांनी त्याच्या ‘ॲक्टिव्हिटी’ची नोंद बंद करावी. ती बंद केल्यावरही संभाषण ७२ तासांपर्यंत कंपनीकडे राहू शकते, असे गुगलने स्वतःच नमूद केले आहे. कळफलकावर शब्द आपोआप बदलत असतील, तर गुगलच्या कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट करेक्शन’खाली ‘ऑटो करेक्शन’ बंद करता येते. सुचविलेले शब्द वर दिसतील, पण आपला शब्द न विचारता बदलणार नाही. संगणकावरील वर्डमध्ये कोपायलट असल्यास ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘कोपायलट’ येथील खूण काढावी.

हे सर्व बंदच करावे, असे माझे म्हणणे नाही. दृष्टी अधू झालेल्या शिक्षकाला बोलून मजकूर उतरविण्याची सोय वरदान आहे. अंध विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखविणारा फोन म्हणजे सोबतीच होय. ज्याला जे हवे त्याने ते चालू ठेवावे. मात्र चालू ठेवणे हा त्याचा निर्णय असावा. कळ सापडली नाही म्हणून चालू राहिले, असे होऊ नये.

कायद्याचा रोखही हाच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. त्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून व स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. १८ वर्षांखालील व्यक्तीस हा कायदा बालक मानतो व तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. आपल्या वर्गातील प्रत्येक मूल या व्याख्येत बसते.

आता तीन कामे सुचवितो. एक, पुढील शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. ज्यांना या कळा सापडतात त्यांनी शेजारच्या गुरुजींना किंवा बाईंना त्यांच्याच फोनवर त्या दाखवाव्यात. त्यांचा फोन हाती घेऊन स्वतः दाबू नयेत, कारण दुसऱ्याने दाबलेली कळ आपणांस पुन्हा सापडत नाही. दोन, मुलांच्या नावांची, क्रमांकांची वा छायाचित्रांची कोणतीही यादी कोणत्याही सहाय्यकापुढे ठेवावयाची नाही, असा ठराव प्रत्येक शाळेने आपल्या व्यवस्थापन समितीत करावा व पालकसभेत वाचून दाखवावा. तीन, निबंधाचा पहिला मसुदा वर्गात, शिक्षकासमोर, मुलाच्या हाताने व मुलाच्या शब्दांत व्हावा. त्यापुढे घरी कोणी मदत केली, तरी मूळ लेखन आपल्यापाशी राहील.

जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत अशा शाळा आहेत, की जेथे घरातील एकुलता फोन संध्याकाळी वडील परतल्यावरच मुलांच्या हाती येतो. त्या अर्ध्या तासात मुलाने कोणाशी बोलावे, हे दूरच्या कंपनीने ठरविण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे. पण त्यांना ते सांगणार कोण? गावात हे सांगू शकेल असा माणूस बहुधा शिक्षकच असतो. पालकसभेची तारीख जवळ आली आहे. तीत या विषयाला दहा मिनिटे द्यावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.