काळी गंडकीच्या काठाकाठाने
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवासावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उभी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेलेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी धरू नये. जे पायांनी चाललो व डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगणार आहोत.

आपल्या ज्ञातीतील आठ मंडळी, त्यांत तीन भगिनी, गेल्या दिवाळीनंतर नेपाळात गेलो होतो. रेल्वेने गोरखपूर, पुढे सुनौलीची सरहद्द ओलांडून पोखरा, पोखऱ्याहून जीपने जोमसोम. एकदम उंचावर गेल्यास डोके दुखते व मळमळते, म्हणून तेथे दोन रात्री काढून मग मुक्तिनाथ गाठले. तेथून परतीची सारी वाट पायी. निघतेवेळी पुष्कळांनी विचारले की, आता मुक्तिनाथापर्यंत मोटार जाते, मग चालण्याचा हट्ट कशाला? प्रश्न रास्त होता. परंतु मोटारीतून दिसते ती धूळ. नदीच्या पलीकडच्या काठाने ठिनी, ढुंबा तळे, छैरो अशी जुनी पाऊलवाट अद्याप आहे, आणि गावे पाहावयाची तर तीवरूनच.

मुक्तिनाथाचे देऊळ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. देवळामागे अर्धवर्तुळात १०८ धारा पडतात; त्यांखालून आमच्यापैकी पाच जण गेले, तिघांनी हात जोडले. पाणी बर्फाचे, वये पंचावन्नच्या पुढची. त्यांत श्रद्धेचे उणे काही नाही. श्रीवैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत या क्षेत्राची गणना होते. त्याच देवळाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणीही पाहतात. शेजारी ज्वालामाईच्या मंदिरात खडकातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूची लहानशी निळसर ज्योत तेवते, आणि तिच्या बाजूनेच पाणी वाहते. दोन धर्मांची माणसे एकाच दारातून आत जातात आणि वर्दळ होत नाही, हे पाहून आमच्या मनास फार बरे वाटले.

खाली कागबेनीस नदीचे पात्र लागते. येथे लोक पितरांचे श्राद्ध करतात. याच पात्रात शाळिग्राम सापडतात. आपल्या घरोघरी तुळशीच्या लग्नात जो देव आपण मांडतो, तो मूळचा येथला. काळा गोटा फोडलेला असला की आत शंखासारखे चक्र दिसते. ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाचे कवच. हिमालय उभा राहण्यापूर्वी या जागी टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाचा चिखल दगड होऊन कोट्यवधी वर्षांनी वर उचलला गेला. आमच्यातील एका भगिनीने विचारले, मग हा देव की शिंपला? आम्ही म्हणालो, वर्गात विचाराल तर शिंपला, देव्हाऱ्यात विचाराल तर देव. त्यावर त्या हसल्या, पण पटले की नाही कोण जाणे.

नदीसंबंधी एक गोष्ट विशेष. एका बाजूस ८,१६७ मीटरचा धवलगिरी, दुसऱ्या बाजूस ८,०९१ मीटरची अन्नपूर्णा, आणि दोहोंमध्ये अडीच हजार मीटरच्या आसपास वाहणारे हे पाणी. जगातील अत्यंत खोल दऱ्यांत हिची गणना होते. पर्वतरांग ओलांडून नदी कशी आली? तर नदी आधीची आहे, पर्वत मागाहूनचा. पर्वत वर येत गेला आणि नदी त्यास कापत गेली. या दरीतून रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडून वारा सुटतो. उत्तरेकडील मुस्तांगचे उघडे पठार उन्हाने तापते, तेथील हवा वर चढते, आणि तिची जागा घेण्यास खालची हवा या अरुंद वाटेने धावते. म्हणून जोमसोमची विमाने सकाळीच येतात व जातात. आम्ही पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठत असू. आमचा वाटाड्या सिखेच्या बाजूचा मगर. त्याचे वडील आपल्या सैन्यातील गोरखा पलटणीत नोकरीस होते, त्यामुळे हिंदी स्वच्छ. खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या अंगास उभे राहावे, दरीच्या अंगास नव्हे, हा त्याचा पहिला धडा.

दुसरा धडा कठोर होता. पोखऱ्याच्या ज्या दलालामार्फत आम्ही हमाल ठरविले होते, त्याने पैसे चार हमालांचे घेतले व माणसे तीन पाठविली. उचलण्याच्या वेळी एका पोराच्या पाठीवर चाळीस किलोंच्या वर ओझे आले. पोर काही बोलेना. वाटाड्याने मात्र डोको खाली ठेवावयास लावले आणि आम्हांस म्हणाला, "मास्टरजी, हा चढेल, पण याचे गुडघे तिशीतच जातील." चौथ्या माणसाचे पैसे पुन्हा कशाला द्यावयाचे, यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. अखेर वर्गणी काढून चौथा माणूस घेतला व तीन जणांनी आपले अधिक कपडे जोमसोमला ठेवून दिले. चूक दलालाची होती हे खरे. पण पाठ त्या पोराची होती.

मार्फा गावी दोन दिवस राहिलो. पांढरी चुनारंगी घरे, सपाट धाब्यांच्या कडेने रचलेली लाकडे, फरसबंद गल्ली, आणि फरशीखालून वाहणारी गटारे. अशी स्वच्छता आम्ही आपल्या तालुक्याच्या गावी पाहिली नाही. सफरचंदांच्या बागा आहेत. तिबेटास जाणारा जपानी भिक्षू एकाई कावागुची याच गावी राहिला होता. ही वस्ती ठकाली लोकांची. जिंबू नावाच्या पाल्याची फोडणी दिलेली त्यांची डाळ आणि फाफराचा ढिंडो आम्ही आवडीने जेवलो.

या ज्ञातीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. गौचन, तुलाचन, शेरचन व भट्टचन ही त्यांची चार कुळे. दर बारा वर्षांनी, वानराच्या वर्षी, ल्हा फेवा नावाचा उत्सव भरतो. त्यात चारही कुळदेवता एकत्र येतात व कुलवृत्तांत वाचला जातो. तिबेटचे मीठ खाली आणि खालचे धान्य वर, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार. तुकुचे ही त्याची पेठ. पुढे हिंदुस्थानचे स्वस्त मीठ आले, १९५९ नंतर तिबेटची वाट आखडली, आणि व्यापार बसला. तुकुचेचे मोठाले वाडे आज ओस दिसतात. परंतु ज्ञाती बसली नाही. पोखरा, भैरहवा, काठमांडू येथे त्यांनी दुकाने व खानावळी थाटल्या. भांडवल कोठून आणले? ढिकुरातून. ढिकुर म्हणजे आपली भिशीच. ठराविक मंडळी दर वर्षी सारखी रक्कम घालतात, आणि जमलेली सर्व रक्कम पाळीने एकेकास मिळते. पुष्कळदा ज्यास निकड अधिक, त्यास आधी. तारण म्हणजे माणसाचा शब्द.

मार्फ्याच्या घरधनीणीने सांगितले की, तिच्या सासऱ्यास पहिला हप्ता मिळाला तेव्हा घरात विकण्याजोगे काही उरले नव्हते. आम्ही विचारले, घेऊन कोणी पळाला तर? ती म्हणाली, "पळून कोणत्या गावी जाईल? तिथेही आपलेच."

बंधुभगिनींनो, आपला शिक्षणनिधी बंद करून रक्कम मुदत ठेवीत ठेवावी, कारण काही मुलांनी कर्ज फेडले नाही, असा ठराव आज सायंकाळी सभेपुढे आहे. तीन-चार मुलांनी फेडले नाही, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांनी फेडले त्यांची नावे कोणी वाचली काय? ती यादी आम्ही चिटणीसांकडून मागून घेतली आहे आणि ठरावाआधी वाचण्याची परवानगी अध्यक्षमहाराजांकडे मागत आहोत. आम्ही ठरावाच्या विरुद्ध मत देणार.

घासा ओलांडल्यावर देश पालटतो. फाफर संपून भाताची खाचरे लागतात, तातोपानीस संत्री. तेथे गरम झऱ्यात गुडघे शेकून दुसऱ्या दिवसापासून घोरेपानीची चढण धरली. ती चढण सुमारे १,६५० मीटरची, म्हणजे समुद्रकाठी उभे राहून कळसूबाईच्या माथ्यावर जावे तितकी. आम्ही ती दोन दिवसांत केली. मध्ये सिखेस मुक्काम, वाटाड्याच्या घरी चहा. पलीकडे उलेरीच्या तीन हजारांहून अधिक दगडी पायऱ्या उतरताना मात्र दोघांस काठी घ्यावी लागली. बिरेठांटीस पोहोचल्यावर तो पोर हमाल आमच्यापुढे अर्धा तास येऊन बसला होता व बासरी वाजवीत होता.

ज्यांस पुढील कार्तिकात यावयाचे असेल त्यांनी श्रावणापर्यंत नावे द्यावीत. खर्चाची वही, चौथ्या हमालाच्या रकमेसह, चिटणीसांच्या टेबलावर ठेवली आहे. आता आपली रजा घेतो.