मसुदा लिहिताना ती कुठे असते?



आज मी आदिवासी स्त्री आणि संसद या विषयावर बोलणार आहे. ‘यात आपला काय संबंध?’ असं काहींच्या मनात आलं असेल. संबंध आहे, त्याकडे येतेच.

संविधान सभेत 15 स्त्रिया होत्या. त्यांत दाक्षायणी वेलायुधन या एकमेव दलित आणि बेगम ऐझाज रसूल या एकमेव मुस्लिम. आदिवासी स्त्री एकही नव्हती. सभेत पुरुषच फार झालेत, स्त्रिया वाढवा, असं डिसेंबर 1946 मध्ये आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी सुनावलं होतं.

सभागृहात कोण बसतं, याने काय फरक पडतो? 2006 चा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या कलम 4(4) नुसार विवाहितांना जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो. हे कलम नसतं, तर मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करणाऱ्या बाईचं नाव किती कागदांवर आलं असतं? असं कलम घालायचं की गाळायचं, हे मसुदा ज्यांच्या हातात असतो ते ठरवतात.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण दिल्लीचा रस्ता अरुंद आहे. लोकसभेत अनुसूचित जमातींसाठी 47 जागा राखीव, त्यांतल्या चार आपल्या राज्यात. 2019 मध्ये नंदुरबारमधून हीना गावित आणि दिंडोरीतून भारती पवार निवडून आल्या. 2024 मध्ये चारही जागांवर पुरुष आले.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने या राखीव जागांमध्येही एक तृतीयांश जागा स्त्रियांना देऊ केल्या. त्या विधेयकावर सही केली राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी, म्हणजे एका आदिवासी स्त्रीनेच. पण अंमलबजावणीला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घातली गेली. तोवर तिकीट पक्षांच्या मर्जीवर.

आता आपला संबंध. 2024 च्या निवडणुकीत लोकसभेवर मुस्लिम स्त्रिया निवडून आल्या फक्त दोन: इक्रा हसन आणि सजदा अहमद. आपल्या अम्मी-आपांच्या लग्न-तलाकावर संसदेत तासन्‌तास चर्चा होते, पण तिथे बोलणारं त्यांच्यातलं कोण असतं? हा प्रश्न आपल्याला बोचतो ना? मग तोच प्रश्न मोखाड्याच्या, धडगावच्या ताईंसाठीही आपण विचारला पाहिजे. फक्त स्वतःपुरता विचारला, तर दोघींचाही आवाज एकटा पडतो.

म्हणून उमेदवार दारात आले की विचारा: तुमच्या पक्षाने किती आदिवासी आणि किती मुस्लिम स्त्रियांना तिकीट दिलं? आकडा सांगितल्याशिवाय त्यांना पुढच्या गल्लीत जाऊ देऊ नका.